उत्तर ध्रुवाची 'मालकी' म्हणावं का? मालकी, हक्क, ताबा आणि वहिवाट

प्रश्न असा आहे: आर्क्टिकच्या बातम्यांत कधी 'रशियाचा उत्तर ध्रुवावर मालकीचा दावा' असं वाचायला मिळतं, कधी 'हक्क', कधी 'ताबा', कधी 'सार्वभौमत्व'. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

चालत नाहीत. आर्क्टिकच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण तिथले बरेचसे वाद नेमके या शब्दांमधल्या फरकाचेच आहेत.

आधी 'सार्वभौम'. हा शब्द 'सर्वभूमी'वरून आला. पाणिनीच्या सूत्रांप्रमाणे सार्वभौम म्हणजे सगळ्या भूमीचा ईश्वर. शब्दाच्या पोटातच भूमी आहे, आणि उत्तर ध्रुवावर नेमकी तीच नाही. वर तरंगता बर्फ, खाली चार किलोमीटरहून खोल समुद्र. अंटार्क्टिका हा खंड, तर आर्क्टिक हा देशांनी वेढलेला महासागर. मला आवडणारी गोष्ट ही, की सागरी कायदाही भूमीपासूनच मोजायला लागतो. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत सार्वभौमत्व. 200 मैलांपर्यंत मासे, तेल, वायू यांवर हक्क, पण परक्या जहाजांना तिथून जाण्याचं स्वातंत्र्य. त्याहीपुढे समुद्राचा तळ हा आपल्याच भूभागाचा पाण्याखालचा विस्तार आहे असं सिद्ध झालं, तर त्या तळातल्या संपत्तीवर हक्क. वरचं पाणी मात्र सगळ्यांचं.

या हक्कांना आपण 'सार्वभौम हक्क' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. 'सार्वभौम' दिसलं की वाचक मालकी समजून पुढे जातो. मी 'उपभोगाचा हक्क' असं लिहीन. ज्यानं सातबारा पाहिलाय त्याला हा फरक शिकवावा लागत नाही: भोगवटादाराचा रकाना वेगळा, 'इतर अधिकार' वेगळे. शेत एकाचं, त्यातल्या विहिरीच्या पाण्यात हिस्सा दुसऱ्याचा, असं आपल्याकडे सर्रास असतं.

2 ऑगस्ट 2007 रोजी रशियाच्या पाणबुडी-यानांनी ध्रुवाखालच्या तळावर टायटॅनियमचा झेंडा लावला. आपल्या कानाला 'झेंडा रोवला' म्हणजे मुलूख जिंकला, अटकेपासूनची सवय आहे. त्यामुळे अशा बातमीला 'मालकी' आपोआप चिकटते. कायद्याच्या दृष्टीनं त्या झेंड्याला किंमत नाही. रशियाचा खरा दावा 2001 साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे कागदोपत्री दाखल झाला होता. पुढे डेन्मार्कनं 2014 मध्ये आणि कॅनडानं 2019 मध्ये आपापले दावे मांडले. तिघांचेही दावे लोमोनोसोव्ह या समुद्राखालच्या डोंगररांगेवर येऊन भिडतात. आयोग शास्त्रीय पुरावे तपासून शिफारस करतो, दोन देशांमधली सीमा आखत नाही. म्हणून 'ध्रुवाखालच्या समुद्रतळावर रशियाचा हक्काचा दावा' हे बरोबर. 'ध्रुवावर मालकी' चूक.

आता ज्या शब्दासाठी हे उत्तर लिहायला बसलो तो: वहिवाट. वर्षानुवर्षांच्या वापरातून आलेला हक्क, दुसऱ्याच्या बांधावरून जाणारी आपली वाट. कॅनडाच्या बेटांमधून जाणाऱ्या वायव्य मार्गाचा वाद या एका शब्दात मावतो. कॅनडा म्हणतो, हे आमचं अंतर्गत पाणी. अमेरिका म्हणते, ही आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी, म्हणजे जगाच्या वहिवाटीची वाट. 1988 च्या करारात अमेरिकेनं आपली बर्फफोडी जहाजं कॅनडाच्या संमतीनं न्यायचं कबूल केलं, पण मूळ भूमिका दोघांनीही सोडली नाही. कॅनडाचं उत्तरही वहिवाटीचंच आहे. तिथल्या मूळनिवासी इन्युइट लोकांशी 1993 मध्ये झालेल्या नुनावुत करारात स्पष्ट म्हटलंय, की या पाण्यावरच्या कॅनडाच्या सार्वभौमत्वाला इन्युइटांच्या वापराचा आणि वास्तव्याचा आधार आहे. गोठलेला समुद्र त्यांना जमिनीसारखाच: त्यावरून स्लेज न्यायची, त्यावर शिकार करायची. बर्फ कमी होऊन जहाजं वाढली की जगाची वहिवाट बळावते, आणि ज्यांच्या नावावर कॅनडा हक्क सांगतो त्यांची वाट मात्र वितळते. हे वाचताना मला खरोखर वाईट वाटतं.

स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या द्वीपसमूहात एकाचं सार्वभौमत्व आणि इतरांचे हक्क एकत्र नांदतात. 1920 च्या तहानं तिथं सार्वभौमत्व नॉर्वेचं ठरलं, पण सही करणाऱ्या सगळ्या देशांच्या नागरिकांना शिकारीचे, मासेमारीचे, खाणकामाचे समान हक्क मिळाले. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही त्या तहात आहे. 2008 पासून तिथं आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोमधून चालतो. याला 'आर्क्टिकमध्ये भारताची जागा' म्हणणंसुद्धा सैल. 'संशोधनाची मुभा' म्हणावं.

राहिला 'ताबा'. ताबा बळानं येतो, त्याला हक्काची गरज लागत नाही. म्हणून लष्करी बातमीत तो शोभतो. 1996 साली आर्क्टिकभोवतालच्या आठ देशांची आर्क्टिक परिषद स्थापन झाली तेव्हाच लष्करी सुरक्षेचे विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यानंतर तिच्या आठ देशांपैकी सात एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या, आणि स्वीडन 2024 मध्ये आल्यावर ते सातही नाटोत आहेत. ताब्याची भाषा वाढली, तरी ती बोलायला तिथं चावडी नाही.

ग्रीनलंड 'घेण्या'च्या अमेरिकेतल्या भाषेला मराठीत 'ताबा' म्हणणं योग्यच. पण त्याच बातमीत 'डेन्मार्कच्या मालकीचं ग्रीनलंड' लिहू नये. 2009 च्या कायद्यानं ग्रीनलंडच्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क असलेला समाज मानलं आहे. 'डेन्मार्कच्या राज्यातलं स्वायत्त ग्रीनलंड' असं लिहावं.