आल्याची बिअर आणि साखरेचा हिशेब

गेल्या महिन्यात घरी आंबवलेल्या आल्याच्या बिअरची, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या जिंजर बिअरची, कृती दिली होती. २ लिटर पाणी, १६० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम किसलेलं आलं उकळून गार करायचं. त्यात दोन लिंबांचा रस आणि अर्धी वाटी आल्याचं विरजण (साखरपाण्यात रोज थोडं आलं आणि साखर घालून फसफसवलेलं) घालून दोन-तीन दिवस फडकं बांधून ठेवायचं. मग गाळून बाटलीत भरायचं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो.

बिअर काचेच्या बाटलीत भरून, घट्ट बूच लावून ओट्यावर ठेवली आणि आम्ही तीन दिवस गावी गेलो. परत येऊन पाहतो तर स्वयंपाकघरभर काचा आणि छताला चिकट शिंतोडे. कृती तंतोतंत पाळली होती. चुकलं काय? (कोथरूड, पुणे)

घरात कुणी नव्हतं, हे फार बरं झालं. यात थोडी चूक माझीही आहे. बाटलीचं मी एका ओळीत उरकलं होतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

यीस्ट साखर खातं तेव्हा ढोबळमानाने निम्म्या वजनाचं अल्कोहोल होतं आणि निम्म्याचा कार्बन डायऑक्साइड. भांडं उघडं असेल तर वायू निघून जातो. बूच लावलं की तो पेयातच विरघळत राहतो. दुकानातल्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे साधारण ६ ते ८ ग्रॅम वायू असतो. म्हणजे बाटलीत लिटरमागे १२ ते १६ ग्रॅम साखर आंबली की कोल्ड्रिंकइतका फेस तयार. आपल्या कृतीत मात्र लिटरला ८० ग्रॅम साखर आहे. ती सगळी बंद बाटलीत आंबली तर ४० ग्रॅम वायू होईल, आणि उन्हाळ्यातल्या खोलीत त्याचा दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दहापट भरेल. शॅम्पेनची जाड बाटलीसुद्धा ६ वातावरणांच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सहापट, अशा आसपासच्या दाबासाठी केलेली असते. इथे काच त्याच्या कितीतरी आधी हार मानते.

दुसरं कारण आपली हवा. इंग्रजी कृतींमध्ये ‘बाटलीत तीन-चार दिवस ठेवा’ असं लिहिलेलं असतं, पण ते १८-२० अंशांच्या स्वयंपाकघरासाठी. एप्रिलमधल्या पुण्यात ३६ अंशांना तेच काम एका दिवसात होतं, कधी रात्रीतच. त्यामुळे दिवस मोजू नका, बाटली दाबून पाहा. त्यासाठी कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची बाटली सगळ्यात चांगली. वर तीन बोटं जागा सोडून भरा आणि सकाळ-संध्याकाळ दाबून बघा. नव्या कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखी टणक लागली की लगेच फ्रीजमध्ये. फ्रीजमध्येही आंबणं थांबत नाही, फक्त मंदावतं, तेव्हा आठवड्याच्या आत संपवा. गोड आणि फेसाळ ही जोडी मुळातच टिकाऊ नाही. कारखान्यातली बाटली वर्षभर टिकते ती पाश्चरीकरणामुळे किंवा गाळून यीस्ट काढून टाकल्यामुळे. आपल्या बाटलीत ते जिवंतच असतं.

नावात बिअर आहे, पण ही दारू आहे का? घरातल्या मुलांना दिली तर चालेल? (सातारा)

पुन्हा तोच हिशेब. लिटरमागे १६ ग्रॅम साखर आंबली की साधारण ८ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे आकारमानाने १ टक्का. फडक्याखालच्या दोन-तीन दिवसांत जे आंबलं ते वेगळंच. सगळी ८० ग्रॅम आंबली तर ५ टक्क्यांच्या जवळ जातं, म्हणजे बाजारातल्या साध्या बिअरइतकं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेलं पेय मद्यात मोडतं, तेव्हा घरच्या बिअरला ‘बिनदारूची’ म्हणण्यात अर्थ नाही. इंग्लंडात पोरंसोरं ती सर्रास पीत, हे खरं. मी मात्र मुलांना देणार नाही, गरोदर बाईलाही नाही. मुलांसाठी आल्याचा पाक करून ठेवा आणि आयत्या वेळी सोडा ओता. चवीत फार फरक पडत नाही, हे आंबवणाऱ्या माणसाने कबूल करणं जरा जड जातं. आणि शेजाऱ्यांना विकायचा विचार मनात असेल तर आधी उत्पादन शुल्क खात्याचे नियम विचारून घ्या.

इथे एकाने मला ‘जिंजर बिअर प्लँट’ दिला. पाण्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोळे आहेत. हे झाड आहे का? तुमच्या विरजणात आणि यात फरक काय? (लेस्टर, इंग्लंड)

तुमच्या हाती खरा ऐवज लागला आहे. ते झाड नाही. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला आणि १८९२ मध्ये निष्कर्ष छापले. हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. त्याने आधी सिलोनमध्ये कॉफीच्या तांबेऱ्यावर काम केलं होतं आणि पुढे तो इंग्लंडातल्या कूपर्स हिल कॉलेजात शिकवत होता. हिंदुस्थानातल्या जंगल खात्याचे साहेब तिथेच तयार होत. वॉर्डला दिसलं की त्या गोळ्यांत एक यीस्ट आणि एक जिवाणू एकत्र नांदतात. जिवाणू स्वतःभोवती चिकट वेष्टन करतो आणि यीस्टच्या पेशी त्या वेटोळ्यांत अडकून राहतात. त्याने दोघांना वेगळं केलं, स्वतंत्र वाढवलं आणि पुन्हा एकत्र आणून तसाच गोळा बनवून दाखवला. त्या काळात हे काम सोपं नव्हतं.

आपलं विरजण त्या मानाने रानटी. ताज्या आल्याच्या सालीवर जे यीस्ट आणि जिवाणू असतील ते साखरपाण्यात वाढवायचे, इतकंच. इंग्लंडात आलं पिकत नाही. जमैकाहून जहाजाने यायचं ते सुकवलेलं, म्हणून तिथे बिअरवाल्यांचं यीस्ट नाहीतर हे गोळे लागत. तुमचे गोळे दर आठवड्याला ताज्या साखरपाण्यात घाला आणि वाढले की कुणाला तरी द्या. ते असेच घरोघर फिरत आले आहेत.

विरजणाला पाच दिवस झाले तरी एक बुडबुडा नाही. रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर घालतो आहे. (नागपूर)

तीन शंका. आलं सोललं होतं का? सालीसकट किसा. पाणी थेट नळाचं होतं का? क्लोरीन त्या बिचाऱ्या यीस्टलाच मारतं, तेव्हा उकळून गार केलेलं पाणी घ्या. आलं सुपरमार्केटमधलं, धुऊन चकचकीत केलेलं होतं का? मग मंडईतलं माती लागलेलं आणा. वर लव आलेली बुरशी दिसली तर मात्र सगळं फेकून द्या.

हे लिहून झालं आणि त्यांचं दुसरं पत्र आलं: सहाव्या दिवशी आपोआप फसफसायला लागलं. सुंठीवाचून खोकला गेला.

सुंठ आणि गूळ वापरू का? (कराड)

गूळ जरूर. रंग गडद होईल आणि काकवीची चव येईल, मला ती आवडते. सुंठेचं विरजण लावू नका, पण उकळताना थोडी घाला. आलं वाळताना त्यातल्या जिंजरॉलचं शोगाओल होतं आणि ते अधिक जहाल असतं, म्हणून हात आखडता ठेवा.

इराण्याकडची जिंजर म्हणजे हीच का? आणि घरी गोटी सोड्याच्या जुन्या बाटल्या आहेत, त्यात भरू का? (गिरगाव, मुंबई)

नाही. मुंबईत पालनजी १८६५ पासून आणि पुण्याच्या कॅम्पात अर्देशर १८८४ पासून, या दोन सोडा कंपन्या जे बनवत आल्या, ते पाकात यंत्राने वायू भरलेलं पेय. ते आंबवलेलं नसतं. त्याचं नातं जिंजर एलशी, म्हणजे आल्याच्या चवीच्या सोड्याशी. आंबवलेली बिअर इंग्लंडात दगडी भांड्यासारख्या, चकाकी दिलेल्या मातीच्या बाटल्यांत भरत आणि बूच सुतळीने बांधत. गढूळ रंगही झाकला जाई.

गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास आणली. ती उलटी धरून यंत्रावर भरतात आणि वायूच्या दाबानेच गोटी तोंडाशी जाऊन बसते. घरी ती धड बंदही होणार नाही. आणि झालीच, तर जुनी काच आणि वाढता दाब, म्हणजे पुन्हा कोथरूडचं स्वयंपाकघर. त्या बाटल्या कपाटात शोभेला ठेवा.