रोज ऑफिस आणि रविवारी कच्ची वाट, दोन्हीला एकच सायकल कोणती घ्यावी? (नाशिक)

सातपूरला रोजची ये-जा आणि रविवारी गंगापूर धरणाकडची मातीची वाट, एवढंच असेल तर हायब्रिड (डांबर आणि साधी कच्ची वाट दोन्हीला चालणारी सायकल) घ्या. जाड टायरची एमटीबी (माउंटन बाइक) दिसायला दणकट असते, पण त्र्यंबक रोडवर सकाळच्या वाऱ्यात ती ओढताना मांड्या भरून येतात. मी दोन वर्षं तेच केलं.

सगळ्यात आधी टायर बघा. ७०० बाय ३८ किंवा ४० चा (दुसरा आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये), मध्ये गुळगुळीत आणि कडेला खाचा असलेला. डांबरावर साधारण ५५-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवायची, मातीत शिरण्याआधी ४० च्या आसपास आणायची. एवढ्यानेच हँडलचा थरथराट कमी होतो आणि खडीवर चाक घसरत नाही. पुढे जाड टायर घालावासा वाटला तर फ्रेममध्ये तेवढी जागा आहे ना, हे दुकानातच बोट घालून बघा.

डिस्क ब्रेक हवेतच. पावसाळ्यात लाल चिखल रिमला बसला की रिम ब्रेक (चाकाच्या कडेला रबर घासून थांबवणारे) नुसते कुरकुरतात. पुढचं सस्पेन्शन स्वस्तातलं असेल तर नकोच, उगाच वजन वाढतं. गिअर कितीही असोत, सगळ्यात हलका गिअर पांडवलेणीच्या पायथ्याच्या चढाला पुरला पाहिजे.

आणि बाभळीचे काटे! जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर चाकावरून उचकटायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या.

साइज मात्र स्वतः बसूनच ठरवा, ऑनलाइन मागवू नका.