घरच्या घरी टिकाऊ लाकडी टॉर्टिया प्रेस (पातळ मेक्सिकन पोळी दाबून करायचं साधन) करता येईल का?
येतो की, पण मक्याच्या टॉर्टियासाठीच करा. गव्हाची कणीक दाबली तरी रबरासारखी आखडते. पुरीपुरतं चालेल, चपाती विसरा.

कोल्हापुरात टिंबर मार्केटला चांगलं सुकलेलं सागवान बघा. ८ इंच चौरस, सव्वा इंच जाडीच्या दोन फळ्या बास. प्लाय नको. दाबायचा दांडा खालच्या फळीला पुढच्या बाजूनं, बोल्टावर फिरेल असा.

खरी गोम दोन्ही फळ्या मागून जोडणाऱ्या बिजागरीत आहे. माझा पहिला प्रेस महिन्यात उखडला, कारण साधे स्क्रू मारले होते. दांडा दाबला की सगळा जोर तिथंच येतो. आरपार नट-बोल्ट टाका. बिजागरी बसवताना फळ्यांमध्ये २-३ मिलिमीटरची पट्टी ठेवा, नाहीतर टॉर्टिया मागं कागद आणि पुढं भाकरी! आपल्याकडच्या पावसात फळी वाकते, म्हणून बाहेरून लाकडाच्या रेषांना आडव्या दोन पट्ट्या मारा. त्यांची भोकं जरा लांबट ठेवा, लाकडाला फुगायला जागा राहते.

व्हार्निश नको. दुधाची पिशवी कापून, धुऊन गोळ्याच्या खाली-वर घाला. आमच्या आईनं टॉर्टिया बाजूला ठेवून या प्रेसवर तिखट-मिठाच्या पुऱ्याच काढल्या, ते वेगळं.