गरुडाचा फॉरवर्ड अन् सांगोल्याची बाग

प्रश्न: नमस्कार सर, मी सोलापूरची, वय 54. मागच्या दिवाळीनंतर मिस्टर अचानक गेले. अक्कलकोट रोडला आमचे टॉवेलचे माग होते, कामगार सांभाळायचं मला जमणार नव्हतं म्हणून तेपण लगेच विकले. आता मुलगा म्हणतोय घर विक आणि पुण्याला ये. मी नको म्हटलं की तो गरुडाचा मेसेज पाठवतो, चाळिशीत गरुड चोच फोडून घेतो, पिसं उपटतो अन् मग नवीन आयुष्य जगतो तो. माहेर सांगोल्याचं, भावाची डाळिंबाची बाग आहे, तो म्हणतो ताण दिल्याशिवाय, म्हणजे झाडाचं पाणी तोडल्याशिवाय बहार येत नाही, माणसाचंपण तसंच. सगळे म्हणायलेत निसर्गाकडून शीक, आणि मला सकाळी चहा टाकायचंसुद्धा जिवावर येतंय. मीच कमी पडायलेय का?

उत्तर: ताई, नाही. उलट तुम्हाला निसर्ग शिकवणारे दोघंही अर्धवट शिकून आलेत असं मला वाटतं.

आधी त्या गरुडाचं बघू, कारण तो मेसेज मलापण महिन्यातून एकदा कुणीतरी पाठवतंच. ती गोष्ट साफ खोटी आहे. चोच फोडलेला पक्षी खाणार काय, उपाशी मरेल की. चोच झिजत राहते तशी वाढतही राहते, तिला दगडावर आपटायची गरज नसते, आणि गरुड सत्तर वर्षं जगतो असं त्या मेसेजमध्ये असतं त्याचं काय घेऊन बसलात, रानातला गरुड तिशीच्या पुढं क्वचितच जातो. पिसं मात्र तो खरंच बदलतो पण थोडी थोडी, दोन्ही पंखांचा तोल सांभाळत, एक गळून नवीन यायला लागलं की मग दुसरं, कारण रोजची शिकार चुकवून चालत नाही ना. मोठ्या गरुडाची सगळी पिसं बदलायला एक वर्षसुद्धा पुरत नाही. मुलाला हे सांगा, म्हणजे फॉरवर्ड करायच्या आधी जरा विचार करेल.

पण मला तुमची गोष्ट गरुडापेक्षा पट्टकदंबाची वाटते. हिवाळ्यात उजनीच्या बॅकवॉटरला येतो तो हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, हिमालय ओलांडून येतो म्हणून फोटोवाल्यांची गर्दी असते बघा. तोच पक्षी उन्हाळ्यात तिकडं तिबेट-मंगोलियाकडं असताना उडायची सगळी पिसं एकदम टाकतो आणि मग काही आठवडे त्याला उडताच येत नाही. त्या दिवसात तो काय करतो? पाणी सोडून लांब जात नाही, थव्यात राहतो, खातो. पंख भरले की मगच पुढचं. तुमचं तसंच झालंय, नवरा, धंदा, रोजची कामगारांची वर्दळ, सगळं एकदम गळालं, आणि लोक तुम्हाला आत्ताच्या आत्ता हिमालय ओलांडायला सांगायलेत.

आता भाऊ. त्यांचं बरोबर आहे पण त्यांनी मधलं पान गाळलं, आणि ते त्यांना चांगलं माहीत असणार, सांगोल्याचा बागवाला आहे शेवटी. फळं उतरवली की कुणी बाग लगेच ताणावर सोडतं का? आधी विश्रांती देतात, शेणखत-पाणी चालू ठेवतात, काडीत अन्नसाठा होऊ देतात. त्यानंतर पाणी तोडायचं, हलक्या रानात महिनाभरात भागतं, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात, मग पानगळ, हलकी छाटणी, मग पहिलं पाणी, मग कळी. विश्रांती न देता ताण दिला तर कळी कमी निघते अन् झाडपण खचतं, आणि लहान रोपाला तर कुणी ताण देतच नाही. भावाला फोन करून एवढंच विचारा, माझी विश्रांती कुठं झाली रे?

म्हणून माझं स्पष्ट मत, वर्षभर तरी घर विकायचं नाही. पुण्याला जा की, महिना दीड महिना राहून या, नातवंडं असतील तर बरंच वाटेल, पण किल्ली स्वतःकडं ठेवा. तोवर कागद हळूहळू मार्गी लावा, सिटी सर्व्हेला वारस नोंद, महापालिकेच्या टॅक्सला नाव, लाईट बिल, बँकेचं. एका आठवड्यात एकच काम काढलं तरी पुष्कळ. आणि नॉमिनी आहे म्हणजे मालक झालो असं नसतं, वारस कोण कोण आहेत ते वकिलाकडून बघून घ्या, घर विका नाहीतर राखा, हे लागणारच.

थवा तुमचा इथंच आहे असं पत्रावरून वाटतंय. गल्लीतल्या बायका, भिशी, मागावरचे जुने कामगार असतील, त्यांना चहाला बोलवा, म्हणजे तुम्हालापण चहा टाकावा लागेल. येत्या जानेवारीत गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, मुलालाच इकडं बोलवा, त्यानं नंदीध्वज किती वर्षांत बघितले नसतील.

एक गोष्ट मात्र सीरियसली घ्या. चहा टाकायचंही जिवावर येतंय हे महिनोन्‌महिने चाललं असेल, झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात काही राहिलं नाही असं वाटत असेल तर डॉक्टरला दाखवायचं, त्यात लाजायचं काही नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली मानसचा 14416 हा फोन नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि मुलावर रागवू नका हो, बाप त्याचाही गेलाय, घाबरलाय तोपण, म्हणून घाई करायलाय. त्याला तारीख द्या, पुढच्या दिवाळीनंतर घराचं बोलू, तोवर हा विषय बंद.