पडलेला ड्रोन आत्ताच जमा करू नका

देवगड तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. कुणकेश्वरजवळ त्यांचं घरगुती होमस्टे आणि आंब्याची कलमं आहेत. होमस्टेच्या जाहिरातीसाठी त्यांनी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून 54,000 रुपयांना 249 ग्रॅमचा कॅमेरा ड्रोन मागवला. जीएसटी बिल आहे, वॉरंटी एक वर्षाची. तिसऱ्या महिन्यात उडवत असताना स्क्रीनवर मोटरचा एरर आला, ड्रोन गरगरत खाली आला आणि कातळावर आपटून पाण्याच्या डबक्यात पडला. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं: आपटल्याचं नुकसान आणि आत गेलेलं पाणी वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीला 33,500 रुपये लागतील. नाहीतर जुना ड्रोन जमा करून 29,000 भरा आणि रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त केलेला पीस घ्या. दुबईचे भावोजी म्हणतात, मी येताना नवाच आणतो. काय करावं?

तिन्ही वाटांपैकी मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती रिफर्बिश्ड पीसची. तुम्ही त्याच्या फॉर्मचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘सदर नुकसान वापरकर्त्याच्या हाताळणीमुळे झाल्याचे मान्य आहे.’ तुम्ही सही करणार आणि वर मोडका ड्रोनही त्यांच्याच ताब्यात देणार. मग उद्या तक्रार करायची तर दाखवणार काय? ड्रोन आत्ता सर्व्हिस सेंटरकडेच पडून असेल तर दुरुस्ती न करता परत मागवा आणि जॉबशीटवर ‘न उघडता परत’ असं लिहून घ्या. उघडला असेल तर काय काय काढलं तेही लिहून घ्या.

आता मुख्य मुद्दा. आपटलेलं कवच आणि आतलं पाणी पडल्यानंतर काय झालं ते सांगतात. तो का पडला, हे त्यावरून कळत नाही. टायर फुटून गाडी झाडावर गेली, तर ‘झाडाला धडकलात’ म्हणून टायरवाल्याला हात झटकता येत नाहीत. ड्रोन का पडला याचं उत्तर फ्लाइट लॉगमध्ये, म्हणजे ॲपमध्ये साठलेल्या उड्डाणाच्या नोंदीत आहे. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये उड्डाणाच्या 4 मिनिटं 12 सेकंदांवर उंची 23 मीटर, बॅटरी 71 टक्के, रिमोटच्या दोन्ही काड्या मधोमध (म्हणजे ड्रोन जागेवरच ठेवलेला) आणि मोटर एरर दिसतो. उंची घसरते ती त्याच्या पुढच्या ओळीपासून. एरर आधी, पडणं नंतर. तुमची केस या क्रमावर उभी राहील.

म्हणून फोन फॉरमॅट करू नका, ॲप काढू नका. लॉगची मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी उतरवून ठेवा. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम कोर्टाइतके कडक लावत नाहीत, तरी भारतीय साक्ष्य अधिनियम 2023च्या कलम 63खालचं, डिजिटल पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडा म्हणजे त्यावर वाद नको. आणि खाऱ्या पाण्यात भिजलेली बॅटरी चार्ज करून बघू नका. ती पेट घेऊ शकते.

समोरची बाजू काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. पहिलं, वारा. दुपारनंतर किनाऱ्यावर वारा किती चढतो ते तुम्हाला मी सांगायला नको; लॉगमध्ये वाऱ्याची सूचना आली होती का, बघा. दुसरं, वाळू. पुळणीवरून थेट उडवला होता का? आपल्या किनाऱ्यावर काही ठिकाणी काळी, लोहयुक्त वाळू असते आणि तिचे कण मोटरमधल्या चुंबकाला चिकटतात. मोटर अडकली ती वाळूने, असं निघालं तर दोष उत्पादनाचा म्हणणं अवघड जाईल. पॅडवरून किंवा अंगणातून उडवला असेल तर तसं स्पष्ट लिहा. तिसरं, ड्रोनची सरकारदरबारी नोंदणी. ड्रोन नियम 2021प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणीचा प्रश्न ते काढतील. नोंदणी केली असेल तर कागद जोडा. नसेल तर तो तुमचा आणि सरकारचा मामला; त्यामुळे मोटर बंद पडत नाही.

चौथा आक्षेप ठरलेला: ड्रोन धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला सवलत देतो आणि सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात ही रेषा आखून दिली आहे. होमस्टे घरचीच माणसं चालवतात आणि ड्रोन तुम्हीच उडवता, हे तक्रारीत लिहाच. लग्नाच्या शूटिंगला भाड्याने दिला असेल तर आधी मला सांगा.

भावोजींना मात्र थांबवा. 9 फेब्रुवारी 2022पासून तयार ड्रोनच्या आयातीला बंदी आहे; संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांनाच अपवाद. सुटे भाग आणता येतात, पण आख्खा ड्रोन कस्टम्सवाले विमानतळावर ठेवून घेतील.

हंगामासाठी ड्रोन लागणारच असेल, तर 33,500ची दुरुस्ती त्यातल्या त्यात बरी. पैसे भरताना ‘हक्क राखून’ असं लेखी द्या, काढलेले भाग, विशेषतः ती मोटर, सीलबंद परत मागा आणि पुढे दुरुस्तीचा खर्च मागा. पण परवडत असेल तर दुरुस्ती थांबवा असंच मी म्हणेन. न उघडलेला ड्रोन असला की आयोगाला ग्राहक कायद्याच्या कलम 38खाली तो सील करून प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. गावातल्या किंवा कोल्हापूरच्या मोबाइलवाल्याकडून तर मुळीच उघडू नका; ‘छेडछाड केली’ म्हणायला आयतं कारण मिळेल.

आधी विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि खोक्यावर नाव असलेला उत्पादक किंवा आयातदार या तिघांना स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. सोबत 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर मुंबईला खेटे घालायचे नाहीत. नव्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते, म्हणजे तुम्हाला ओरोसचा जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील हवाच असं नाही, मुदत दोन वर्षांची. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असला तरी बिचकू नका. सदोष माल परत न घेणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

नोटीस गेल्यावर बहुधा फोन येईल, ‘नवीन पीस देतो, मिटवा.’ पीस खरोखरच नवा असेल तर घ्या. त्याची वॉरंटी नव्या तारखेपासून धरली जाईल हे मात्र ईमेलवर लिहून घ्या आणि ते हाताळणीचं वाक्य खोडल्याशिवाय कुठल्याही फॉर्मवर सही करू नका.