२ जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपला फुकटातला हलका अँटीव्हायरस कोणता टाकावा?

तुम्ही लिहिलंय की कराडला दुकान आहे, डेस्कटॉप जुना, २ जीबी रॅम, विंडोज १०, त्यावर टॅली आणि बिलं चालतात, मशीन रडतखडत चालतंय म्हणून व्हायरस असेल असं वाटतंय, तर फुकटातला सगळ्यात हलका अँटीव्हायरस कोणता. मी सांगलीत विश्रामबागला चौदा वर्षं रिपेरिंग करतोय, मार्केट यार्डातली अडत दुकानं बरीच माझ्याकडं आहेत आणि हा प्रश्न मला आठवड्यातनं दोनदा तरी येतो. माझं उत्तर सरळ आहे, नवीन काही टाकू नका. विंडोज १० मध्ये डिफेंडर नावाचा मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस आधीपासनंच आहे, तो नीट चालू आहे का ते बघा आणि त्याच्याशिवाय अँटीव्हायरसच्या नावाखाली जे जे बसलंय ते काढून टाका.

असं का म्हणतो ते सांगतो. तुमच्या मशीनला २ जीबी रॅम, त्यातली सव्वा-दीड जीबी विंडोज स्वतःच खातं, वर टॅली उघडली, क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल आणि बँक उघडली की रॅम संपली, मग विंडोज रॅममधलं सामान हार्डडिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. हार्डडिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू, म्हणून सीपीयूवरचा तो छोटा दिवा सारखा फडफडत राहतो आणि माउस अडकतो. लोक याला व्हायरस समजतात आणि आणखी एक अँटीव्हायरस टाकतात, म्हणजे जागा आधीच नाही तिथं आणखी एक माणूस बसवल्यासारखं झालं.

मागच्या पावसाळ्यात तासगावचे एक रिटायर्ड गुरुजी सीपीयू टॉवेलात गुंडाळून एसटीनं घेऊन आले होते. मशीन चालू केलं आणि घड्याळ लावून बघितलं, डेस्कटॉप येऊन माउस हलायला अकरा मिनिटं. आत काय तर तीन अँटीव्हायरस. एक नातवानं टाकलेला, एक कुठल्यातरी सॉफ्टवेअरसोबत गुपचूप आलेला आणि तिसऱ्याची ट्रायल केव्हाच संपलेली पण तो बसलेला तसाच. फाइल उघडली की तिघंही तीच फाइल तपासणार. मी तिन्ही काढले, कंट्रोल पॅनेलमधनं काढून पूर्ण जात नाहीत म्हणून ज्या-त्या कंपनीचं रिमूव्हल टूल तिच्याच साइटवरनं घेऊन सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी सुरू करून, चालवलं, मग डिफेंडर चालू केला आणि फुल स्कॅन लावला. व्हायरस एकही नव्हता. तेच मशीन अडीच मिनिटांत उभं राहायला लागलं, एक रुपयाचा पार्ट न घालता.

तर तुम्ही आधी हे करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारं वर येतं. स्टार्टअपच्या टॅबमध्ये जाऊन ज्याची रोज गरज नाही ते डिसेबल करा. मग सेटिंग्जमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडा, तिथं व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनवर हिरवी खूण पाहिजे. दुसरा अँटीव्हायरस असला तर डिफेंडर आपोआप बाजूला होतो, तो काढला की परत जागेवर येतो. पण बऱ्याच मशीनवर सगळं काढलं तरी तो चालू होत नाही, तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरनं बंद केलंय असा मेसेज येतो. दुकानात ॲडमिनिस्ट्रेटर कोण असणार? विंडोज टाकून देणाऱ्यानं ते क्रॅकनं, म्हणजे लायसन न घेता चोरीच्या टूलनं, ॲक्टिवेट केलेलं असतं आणि त्या क्रॅकला पकडलं जाऊ नये म्हणून डिफेंडरच बंद करून ठेवलेला असतो. असं असेल तर अँटीव्हायरस शोधत बसू नका, ते विंडोज पुसून नीट लायसनवालं टाकून घ्या, कारण त्या क्रॅकसोबत आणखी काय आत आलंय हे बाहेरनं सांगता येत नाही आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकताय.

डिफेंडर चालू झाला की दोन गोष्टी. ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग असतं ते ऑन करा, फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा कचरा त्यानं अडतो. आणि स्कॅनची वेळ टास्क शेड्युलरमधनं दुपारी जेवायच्या सुट्टीत लावा, नाहीतर नेमकं गिऱ्हाईक समोर उभं असताना स्कॅन सुरू होतो. काही घुसलंय असा खरंच संशय असेल तर डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा, मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात.

आता डिफेंडर सगळ्यात वेगवान आहे असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज म्हणून संस्था आहे, ती अँटीव्हायरसमुळं मशीन किती हळू होतं याच्याही चाचण्या घेते आणि त्यात डिफेंडर बऱ्याचदा मागं असतो. तरी मी तोच ठेवा म्हणतो, कारण तो जाहिराती दाखवत नाही, पैसे भरून अपग्रेड करा म्हणून मागं लागत नाही आणि वेगळं काही रॅममध्ये बसवत नाही. फुकटवाल्यांचा पैसा कुठनं येतो हेही बघायला पाहिजे. अव्हास्टचं उदाहरण उघड आहे, गिऱ्हाइकांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट नावाच्या त्यांच्याच कंपनीमार्फत विकली जायची, ते २०२० मध्ये बाहेर आल्यावर जंपशॉट बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीनं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आणि अव्हास्ट का एव्हीजी का अविरा असं लोक विचारतात, पण आज तिन्ही नावं नॉर्टनसकट एकाच जेन डिजिटल कंपनीची आहेत. तरीही बाहेरचाच हवा असेल तर बिटडिफेंडर फ्री बघा, खाटखूट कमी करतो, मात्र अकाउंट काढावं लागतं. कुठलाही टाकलात तर एकच टाका, आणि इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट न दाबता कस्टमाइजमध्ये जाऊन ब्राउझर, क्लीनर, व्हीपीएन असल्या जोडीच्या टिका काढा.

क्विक हीलबद्दल लोक हमखास विचारतात. तुमच्याच सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर रिपेरिंगपासनं सुरू करून पुण्यात ती कंपनी उभी केली, आमच्यासारख्या रिपेरिंगवाल्याला त्याचा अभिमान वाटतोच. पण तो पैसे देऊन घ्यायचा अँटीव्हायरस आहे, फुकट मिळते ती ट्रायल. कोणी क्रॅक करून देतो म्हणाला तर घेऊ नका. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं, त्याच्या साइटवर बॉट, म्हणजे तुमचं मशीन दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम, काढायची टूल्स फुकट आहेत, संशय असेल तेव्हा एकदा चालवून काढून टाकायचं, कायम बसवायचं नाही.

स्क्रीनच्या कोपऱ्यात पाच व्हायरस सापडले, लगेच क्लिक करा असं येत असेल तर घाबरू नका. मिरजेच्या एका काकूंनी त्यावर क्लिक करत करत कार्डाचा नंबरसुद्धा टाइप केला होता, शेवटचं बटन दाबायच्या आधी मुलगा आला म्हणून वाचल्या. तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो, कुठल्यातरी साइटला चुकून अलाऊ दाबलेलं असतं आणि ती साइट नोटिफिकेशन पाठवत असते. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी नावं सगळी काढा. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन टाकलंत तर असल्या जाहिराती बऱ्याच कमी होतात आणि जाहिराती लोड न झाल्यानं रॅमही वाचते, जुन्या मशीनला याचा उपयोग मी स्वतः बघितलाय.

झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलेला पेनड्राइव्ह मात्र जपून. फोल्डरचे एक-एक केबीचे शॉर्टकट झालेले दिसले तर त्यावर डबल क्लिक करू नका, फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग व्ह्यूमध्ये हिडन आयटम्सवर टिक करा. तरी दिसल्या नाहीत तर पेनड्राइव्ह फॉरमॅट न करता रिपेरिंगवाल्याकडं न्या.

आणि एकदा सीपीयूचं झाकण उघडून बघा. यार्डातल्या मशीनचा पंखा मी उघडतो तेव्हा हीटसिंकच्या फटींत हळदीची पूड बसून पिवळा थर झालेला असतो, बोटानं खरवडावा लागतो. हवा जात नाही, प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. तुमच्याकडं हळद नसेल पण धूळ असणारच. मशीन बंद करून, वायर काढून, ब्रशनं साफ करा. पैसे घालायचेच असतील तर ४ जीबी रॅम आणि एक छोटी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घ्या, जुनी रॅम आधी काढून ती कुठल्या प्रकारची, डीडीआर टू आहे का थ्री, ते बघून घ्या.

कोणी वाचणाऱ्याकडं अजून विंडोज ७ असेल तर त्याच्या सिक्युरिटी अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला बंद झाल्यात, त्यातला डिफेंडर फक्त स्पायवेअर बघतो. त्यावर बँकेचं काम करू नका, विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकटच्या सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून बघा, २ जीबीत चालते. विंडोज १० च्या मोफत अपडेट्सही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, मात्र डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय, त्यामुळं थोडी सवड आहे, पण विंडोजमधल्या त्रुटी त्यानं बुजत नाहीत, म्हणून नव्या मशीनसाठी आत्तापासनं थोडे बाजूला ठेवा.

टॅलीचा बॅकअप कुठं घेताय ते तुम्ही लिहिलं नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर माझ्या दुकानात गाळानं भरलेले सीपीयू रांगेनं मांडले होते, त्यातल्या कितीतरी जणांनी बॅकअप घेतलेला होता, पण त्याच मशीनच्या डी ड्राइव्हला. एक पेनड्राइव्ह नुसता बॅकअपला ठेवा, रोज दुकान बंद करताना लावा, कॉपी झाली की काढा आणि घरी न्या. टास्क मॅनेजरमध्ये पहिली पाच नावं कुठली दिसतात ते इथंच खाली लिहा, कुठलं काढायचं ते मी सांगतो.