आई सगळ्यांची होती, मग मला का राग येतो?

"मॅडम, आईसारखं मला नाही जमणार." समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता समोरची खुर्चीत नीट बसायच्या आधीच मला अंदाज येतो. गेलेली बाई आई असते नाहीतर सासू, आणि घर, भजन, लोकांची कामं सगळं एकटीने ओढलेली. तेराव्याला जेवणाची पानं उठेपर्यंत नातेवाईक सुरू झालेले असतात, आता तूच बघ गं सगळं.

त्यातल्याच एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नाशिकला इंदिरानगरमधे राहणारी, नोकरी करणारी, चाळिशीची. आई पंचवटीतली. गांधर्वच्या संगीताच्या परीक्षा दिलेली, भजनी मंडळाची पेटी वाजवणारी, आणि आठवड्यातून एकदा सिव्हिलमधल्या पेशंटच्या नातेवाइकांना डबे पोचवणारी. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, मंडळाने छोटा कार्यक्रम ठेवलेला आणि हिने आईबद्दल दोन शब्द बोलायचे होते. महिनाभर ती कागद घेऊन बसत होती पण काही सुचत नव्हतं. तिला वाटलं आपल्याला डिप्रेशन आलंय, म्हणून माझ्याकडे आली.

कागद मी बघितला. प्रेमळ, सेवाभावी, संगीताची आवड, सर्वांना मायेने जवळ करणारी.

म्हटलं, "हे तर पेपरातल्या निधनवार्तेत कोणाचंही छापून येतं. तुझी आई चिडायची का गं कधी?"

ती पहिल्यांदा हसली. "चिडायची तर! भजनात कोणी वरच्या पट्टीत ओरडलं ना की पेटी थांबवायची आणि चष्म्याच्या वरून बघत राहायची, ती बाई गप्प होईपर्यंत."

"आणि तुझ्यावर?"

"माझ्यावर चिडायला वेळ कुठे होता तिला."

बोलून ती स्वतःच दचकली. अशा वेळी लगेच समजूत घालायचा मोह होतो, पण तोंड मिटून बसणं हेच आमच्या कामातलं अवघड कसब आहे आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं म्हणायला हरकत नाही. बराच वेळ ती ओढणीच्या टोकाची गाठ मारत आणि सोडत होती. मग एकदम म्हणाली, "२०१५ चा सिंहस्थ. पहिली पर्वणी २९ ऑगस्टला, माझं सीझर २७ ला. आणि आई तपोवनात अन्नछत्रात पोळ्या लाटत होती. रात्री नऊला यायची, डिंकाचे लाडू ठेवायची, बाळाला बघायची आणि बसल्या बसल्या झोपायची. मी कधीच बोलले नाही मॅडम. ती इतकी चांगली होती, तिच्यावर रागवणार कसं?"

आणि मग जी रडली ती, मी पुढची अपॉइंटमेंट पुढे ढकलली.

माझं मत विचाराल तर अशा घरांमधे खरी अडचण इथेच असते. गेलेल्या माणसाला आपण लगेच देव्हाऱ्यात बसवतो, आणि देवावर रुसता येत नाही. राग गिळला की त्याच्यासोबत आठवणही गिळली जाते, मग कागदावर नुसती विशेषणं उरतात. तो राग बाहेर आल्यावर तिला पंधरा मिनिटांत आईच्या इतक्या गोष्टी आठवल्या की मला लिहून घेता येईनात.

व्हॉट्सअ‍ॅपवर ते दुःखाचे पाच टप्पे फिरतात ना, ते मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मधे मांडले ते मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतंच. त्यामुळे "मी अजून चौथ्यावरच अडकलेय का" ही काळजी सोडा. मला स्वतःला पटतो तो १९९६ च्या सुमारास शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी मांडलेला विचार, की गेलेल्या माणसाशी नातं तोडायचं नसतं, ते वेगळ्या रूपात चालू राहतं. आणि चालू नातं म्हटलं की त्यात भांडण आलंच. आईला पत्र लिहा, तक्रारीसकट लिहा, तिची जी गोष्ट मनापासून आवडते तेवढी एक उचला आणि बाकीची बिनधास्त खाली ठेवा, तिची जागा भरून काढायचा ठेका तुम्ही घेतलेला नाही. मात्र वर्ष उलटलं तरी रोज तेवढाच जीव तुटतोय, कामं होत नाहीयेत, जगावंसं वाटत नाहीये असं असेल तर माझ्यासारखीचे लेख वाचत बसू नका, सरळ सायकिअ‍ॅट्रिस्टला भेटा, आणि रात्री-अपरात्री कोणीच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे.

तिने पत्र लिहिलं, मला दाखवलं नाही, मी मागितलंही नाही. कार्यक्रमात तिने तो विशेषणांचा कागद काढलाच नाही, चष्म्यावरून बघण्याची गोष्ट सांगितली, सगळ्या बायका हसल्या, आणि त्या भरात सिंहस्थाचंही बोलून गेली. घरातले जरा गोरेमोरे झाले. नंतर मंडळातल्या एका मावशींनी तिला बाजूला घेतलं, म्हणाल्या, "अगं, तेव्हा तिचं लक्ष होतं कुठे? सारखी तुझ्या नवऱ्याला फोन. इतक्या पोळ्या करपवल्या की आम्ही तिला तव्यावरून उठवून भाजी चिरायला बसवलं. घरी जा म्हटलं तर म्हणे शब्द दिलाय."

हे मला सांगताना ती हसत होती आणि चिडलेलीही होती, "मग मला का नाही सांगितलं तिने!" मला ते दोन्ही एकत्र बघून बरं वाटलं. राग गेला नव्हता, जायची गरजही नव्हती.

आता डबे ती करत नाही, त्याचे पैसे महिन्याला देते. पेटीचे दोन-तीन स्वर पावसाळ्यात चिकटले होते ते दुरुस्त करून घेतले, मुलाला आवडली तर शिकेल. मंडळात अधूनमधून जाते, मागे बसून टाळ वाजवते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद मात्र तिने साफ नाकारलं.